ओकेचा फुल फॉर्म काय? 'झिरो किल्ड' वाली गोष्ट खरी आहे का?

नाही हो, युद्धात एकही माणूस मेला नाही की पाटीवर शून्य आणि पुढे के लिहायचे वगैरे ही व्हॉट्सअ‍ॅपवरची थाप आहे, मीपण कॉलेजात असताना लै कॉन्फिडन्सने चारचौघांना सांगितलीय.

फुल फॉर्म 'ऑल करेक्ट'च, पण चुकीच्या स्पेलिंगचा. झालं असं की 1838-39 च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टनच्या पेपरवाल्यांना एक खूळ लागलं होतं, स्पेलिंग मुद्दाम गावंढळ करायचं आणि मग त्या बिघडवलेल्या स्पेलिंगची नुसती पहिली अक्षरं छापायची, आपण नाही का गंमत म्हणून 'ठ्यांकू' लिहीत, तसलाच प्रकार. ऑलचा ए काढून ओ टाकला, करेक्टचा सी काढून के, झालं ओके. 23 मार्च 1839 च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ते छापलंय, दुसऱ्या एका पेपरची टर उडवताना, शेजारी अर्थ पण दिलाय. ऑल राइटचं असंच 'ओडब्ल्यू' केलं होतं, ते गेलं विस्मरणात.

मग ओकेच का टिकलं? तर निवडणूक! 1840 ला प्रेसिडेंट मार्टिन व्हॅन ब्युरेन परत उभे होते, त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक म्हणून लोक त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणायचे, म्हणजे अक्षरं परत तीच. कार्यकर्त्यांनी लगेच ओके क्लब काढले, विरोधकांनी उलट पुडी सोडली की त्यांच्या आधीचे प्रेसिडेंट अँड्र्यू जॅक्सन यांना साधं स्पेलिंग येत नव्हतं, ओके ही त्यांचीच चूक. व्हॅन ब्युरेन पडले, शब्द मात्र निवडून आला. (आपल्याकडे पण 2022 ला सांगोल्याच्या आमदारांनी गुवाहाटीहून फोनवर काय झाडी काय डोंगर केलं आणि 'ओक्के' घरोघरी गेलं, राजकारणातून शब्द असे पसरतात.)

हे सगळं अ‍ॅलन वॉकर रीड नावाच्या प्राध्यापकांनी जुने पेपर चाळून शोधलं आणि 1963-64 मध्ये छापलं. त्याआधी कायकाय थिअऱ्या होत्या, प्रेसिडेंट वुड्रो विल्सन यांना तर तो चोक्टॉ या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतला शब्द वाटायचा आणि ते स्पेलिंग पण तसंच वेगळं करायचे.

तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर गुपचूप ऑल करेक्ट लिहा, आणि प्लीज बरोबर स्पेलिंगने लिहा, पेपर तपासणाऱ्याला बॉस्टनचा जोक माहीत नसतो.