पहिली परसबाग: वाफा लहान ठेवा, युरिया लांब ठेवा

प्रश्न: घराशेजारी अर्धा गुंठा मोकळा आहे. परसबाग पहिल्यांदाच करतोय. दुकानदाराने बारा भाज्यांच्या पुड्या, युरिया आणि टॉनिकची बाटली सांगितली आहे. काय घ्यावे?

उत्तर: पुड्यांतल्या चार-पाच घ्या. युरिया आणि टॉनिक दुकानातच राहू द्या.

अर्धा गुंठा म्हणजे सुमारे 50 चौरस मीटर. सगळा एकदम उकरू नका, तण आवरणार नाही. पहिल्या हंगामाला 1 मीटर रुंद आणि 3 मीटर लांब असे दोन-तीन गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच केलेले वाफे) पुरतात. उंची 15 सेंमी, मध्ये दीड फुटाची वाट. रुंदी मीटरच्या वर नेऊ नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर वाफ्यात पाय पडतो, माती दबते आणि गादीवाफ्याचा फायदाच संपतो.

ऊन किमान सहा तास हवे. चारच तास मिळत असेल तर पालेभाज्या लावा, टोमॅटो-वांग्याचा हट्ट नको. वेलांचा मांडव उत्तरेला ठेवा, म्हणजे बाकीच्या वाफ्यांवर सावली पडणार नाही.

शेणखत चौरस मीटरला 3 ते 5 किलो, पण पूर्ण कुजलेले. हातात घेतल्यावर भुसभुशीत, गार आणि बिनवासाचे असले तरच टाका. ताज्या शेणाने मुळे करपतात, हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि वाळवी येते, तणाचे बी फुकट मिळते. बांधकामाचा चुना-राडारोडा पडलेली जागा सोडा, किंवा वरची माती बदला.

अंतर पाळा: टोमॅटो 60 × 45 सेंमी, वांगी 75 × 60, भेंडी 45 × 30. रोपे लहान असताना वाफा रिकामा दिसतो म्हणून मध्ये आणखी रोपे खुपसली जातात. महिन्याने तिथे हवा खेळत नाही आणि करपा-भुरीसारखे बुरशीचे रोग सुरू होतात. रिकाम्या जागेत मुळा किंवा मेथी घ्या, ती आधी निघून जाते.

प्रश्न: भेंडीला प्रत्येकी मूठभर युरिया दिला. झाडे गर्द हिरवी झाली, पण फुले नाहीत आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) भरपूर.

उत्तर: हिशोब बघा. हेक्टरी 100 किलो नत्र (नायट्रोजन, युरियातले अन्नद्रव्य) धरले तरी चौरस मीटरला 10 ग्रॅम नत्र होते, म्हणजे युरिया सुमारे 22 ग्रॅम. तोही पूर्ण हंगामाचा आणि तीन हप्त्यांत विभागून. एका हप्त्याला भेंडीच्या एका झाडाच्या वाट्याला जेमतेम 1 ग्रॅम येतो. तुम्ही मूठ टाकली! शेतातला हात परसबागेत चालत नाही. जास्त नत्राने पाला कोवळा आणि रसाळ होतो, मावा आणि पांढरी माशी त्यावरच धावते. आता नत्र पूर्ण बंद करा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढा. शेणखत नीट दिले असेल तर पहिल्या हंगामात युरिया लागतच नाही. दुकानदार काहीही सांगो, युरिया नको.

प्रश्न: काकडी-दोडक्याची फुले गळतात. फूलगळीचे औषध कोणते?

उत्तर: कोणतेच नाही. सुरुवातीला नर फुलेच येतात आणि ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढे कोवळे फळ असते, ते दिसेपर्यंत थांबा. मादी फुलेही गळत असतील तर परागीभवन होत नाही. काकडी, भोपळा आणि कारल्याचे फूल सकाळी उमलते, दोडका आणि दुधीचे संध्याकाळी. त्या वेळी ताजे नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलके टेकवा. बाटली विकणारा हे सांगणार नाही. फुलोऱ्यात कीटकनाशक मारले की मधमाश्या जातात आणि गळ वाढते.

प्रश्न: कोथिंबीर नीट उगवत नाही आणि मेथी एकदम तयार होऊन वाया जाते.

उत्तर: धने रगडून दोन फाकी करा, 12 तास भिजवा, मग पेरा. कडक उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर येते, तेव्हा थंडी धरून लावा. मेथीचा सगळा वाफा एका दिवशी पेरू नका. वाफ्याचे तीन भाग करून 10 ते 15 दिवसांच्या अंतराने एकेक पेरा. परसबागेत मी सर्वांत जास्त आग्रह याच एका गोष्टीचा धरतो. पेरणी दाट करू नका, पाणी साचू देऊ नका, नाहीतर रोपे बुंध्याशी कोलमडतात. बोट दोन पेरे मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको.

बियाणे किटची सरकारी योजना चालू आहे का ते सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा, पण किटसाठी हंगाम घालवू नका.

प्रश्न: कीड दिसली की कोणते औषध फवारावे?

उत्तर: आधी 5 टक्के निंबोळी अर्क. 50 ग्रॅम निंबोळी कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, पाणी घालून 1 लिटर करा, चिमूटभर साबणचुरा मिसळा. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उन्हात त्याचा गुण जातो. उरलेला अर्क दुसऱ्या दिवशी वापरू नका. "पंपाला झाकणभर" हे माप 15-20 लिटरच्या पंपाचे असते. तेच झाकण 1 लिटरच्या फवाऱ्यात ओतले की मात्रा 15-20 पट होते. रासायनिक औषध घ्यावेच लागले तर लेबलवर त्या भाजीचे नाव आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर किती दिवस भाजी तोडायची नाही) छापलेला बघा. नाव नसेल तर ते औषध त्या भाजीचे नाही. रोज खुडायच्या पालक-मेथीवर तर मारूच नका, किडकी पाने काढून टाका.