जंत पोटात, मग रिपोर्ट रक्ताचा कशाला?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही कोपरखैरणेला राहतो, मुलगा ७ वर्षांचा आहे, शाळेतून आला की दिवसभर खाली मातीत. पोटात दुखतं म्हणून सीबीसी केली तर इओसिनोफिल १२ टक्के आले, डॉक्टर म्हणाले जंत असतील आणि गोळी दिली. पण जंत पोटात असताना रक्तात कसं कळलं? आणि शरीराला कळतंय तर ते स्वतःच का मारत नाही? इम्युनिटीची पावडर चालू करू का?

उत्तर : ताई, इओसिनोफिल ही एक प्रकारची पांढरी पेशी, तिचा आकडा बघून घाबरणारे रोज भेटतात, तो वाढला कशाने हे विचारणारे फार कमी, म्हणून जरा सविस्तर सांगते. बॅक्टेरिया आला तर पांढरी पेशी त्याला गिळून टाकते, पण जंत गिळणार कसा? गोल जंताची मादी २० ते ३५ सेंटीमीटर असते, म्हणजे तुमच्या मुलाच्या फूटपट्टीएवढी. त्यामुळे शरीर तिला मारण्यापेक्षा हाकलायच्या मागे लागतं आणि त्यासाठी पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे सायटोकाइन, छोटी छोटी प्रोटीन्स.

आतड्याच्या अस्तरात टफ्ट नावाच्या मोजक्या पेशी असतात, जंताची चाहूल त्यांना लागते हे २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. त्या आयएल-२५ नावाचा निरोप सोडतात, तो मिळाला की शेजारच्या पेशी आयएल-१३ सोडतात, मग आतड्यात चिकट म्यूकस वाढतो, अस्तराच्या पेशी भराभर बदलतात, स्नायू जोरात आवळतात, थोडक्यात जंताला टिकायला जागाच राहू नये अशी सगळी धडपड. मला हे दरवेळी वाचताना थक्क व्हायला होतं.

आता तुमचा रिपोर्ट. याच वेळी आयएल-५ सुटतो, तो रक्तातून हाडांच्या मगजात पोचतो आणि तिथे इओसिनोफिल जास्त बनायला लागतात, तेच तुमच्या सीबीसीत दिसले. गोल जंताच्या अळ्या आतड्यातून निघून फुप्फुसात जातात, तिथून घशात येऊन परत गिळल्या जातात, त्या फेरीत हा आकडा जास्त चढतो आणि काही मुलांना कोरडा खोकलाही येतो. पण अॅलर्जीत आणि दम्यातही हाच आयएल-५ वाढतो, म्हणून १२ टक्के म्हणजे जंतच असं नाही, शीची तपासणी करून घ्या.

मग शरीर का हरतं? कारण जंतही चिवट, तो शरीराला आयएल-१० सारखे शांत करणारे निरोप वाढवायला लावतो आणि वर्ष-दोन वर्षं आरामात राहतो. त्यात पावडर काही करणार नाही, नका घेऊ. अल्बेंडाझोल या जंताच्या गोळीने जंताला साखर घेता येत नाही, तो गळून जातो. पण पुन्हा अंडी पोटात गेली की पुन्हा जंत, कायमची इम्युनिटी येत नाही, म्हणून तर शाळेत आणि अंगणवाडीत ठराविक काळाने ही गोळी देतात. हात साबणाने, भाजी भरपूर पाण्याने, हे आहेच.

त्याला खोकला आहे का, रात्री वाढतो का, धाप लागते का हे मात्र डॉक्टरांना नक्की सांगा, गोळीनंतर काही आठवड्यांनी परत सीबीसी केली आणि आकडा तसाच असला तर पुढचा तपास त्यावरूनच ठरेल.