वाचकांचे प्रश्न : एकाच चुकीला तीन दंड का?

प्रश्न : आमच्या भागात रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल एकाला दोनशे रुपये, दुसऱ्याला पाचशे, तिसऱ्याला नुसती समज, असं चालतं. आमच्या एएलएमला (परिसराची स्वच्छता पाहणाऱ्या रहिवाशांच्या गटाला) दंड सर्वांना सारखा व्हावा म्हणून पालिकेला लेखी सूचना द्यायच्या आहेत. दंडाचं कोष्टक कसं मांडावं?
– एएलएम कार्यकर्ती, अंधेरी

उत्तर : आधी प्रत्येक दंड कोणत्या कायद्याखाली लागतो ते लिहून काढा. निम्मी विसंगती तिथेच सापडेल. थुंकण्याला बृहन्मुंबई स्वच्छता व आरोग्य उपविधी 2006 प्रमाणे 200 रुपये, तर पोलीस कायद्यात त्याच कृत्याला 1,200 रुपयांपर्यंत दंड. 2021 मध्ये उच्च न्यायालयातही या तफावतीचा प्रश्न निघाला होता. बंदी असलेल्या प्लॅस्टिकचा दंड राज्याच्या 2018 च्या अधिसूचनेतून येतो: पहिल्यांदा 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. हे आकडे वॉर्ड ऑफिसला बदलता येत नाहीत. पालिकेच्या उपविधींनाही राज्य सरकारची मंजुरी लागते, त्यामुळे नुसत्या परिपत्रकाने दर वाढत नाहीत. म्हणून सूचनांचे दोन गठ्ठे करा: उपविधीत दुरुस्ती करून जमेल ते एकीकडे, मंत्रालयात न्यावं लागेल ते दुसरीकडे.

आता रक्कम. ती ठरवताना दोन गोष्टी मोजा: घाण निस्तरायचा खर्च आणि नियम मोडणाऱ्याचा झालेला फायदा. वेफर्सचं पाकीट टाकणाऱ्याला फायदा काहीच नसतो, तिथे ठरलेली लहान रक्कम पुरते. राडारोड्याचं गणित मात्र निराळं आहे. समजा, एक टेम्पो रीतसर रिकामा करायला कंत्राटदाराला 3,000 रुपये लागतात, खाडीकाठी चोरून ओतला तर दंड 2,000, आणि पाचांतला एकच टेम्पो सापडतो. म्हणजे चोरीचा सरासरी खर्च टेम्पोमागे 400 रुपये. दंड त्याच्या हिशेबात धंद्याचा किरकोळ खर्च होऊन बसतो. बरोबरी साधायची तर 3,000 गुणिले 5, म्हणजे 15,000 रुपये हवेत, शिवाय उचलण्याचा खर्च. अशा गुन्ह्यांचा दंड टेम्पोमागे किंवा घनमीटरमागे लावावा, सरसकट नव्हे.

पण पकडण्याचं प्रमाण कमी म्हणून प्रत्येक ठिकाणी रक्कम फुगवत नेऊ नका. प्लॅस्टिकची पिशवी देणाऱ्या भाजीवालीच्या दिवसभराच्या कमाईहून मोठी पावती फाडायला कर्मचाऱ्याचा हात धजत नाही. मग एकतर तिला सोडून दिलं जातं, नाहीतर ‘पाच हजारांची पावती नको, पाचशे द्या’ असा सौदा होतो. दोन्हींत दंड एकसारखा राहत नाही. टोपलीवाली, गाळेधारक आणि घाऊक व्यापारी यांच्यासाठी तीन वेगळे दर लिहूनच ठेवले, तर ही दया आणि हा सौदा दोन्हींना जागा उरत नाही. प्लॅस्टिकच्या बाबतीत ही मागणी मंत्रालयाच्या गठ्ठ्यात घाला.

‘पर्यंत’ हा शब्द कोष्टकात जितका कमी, तितकं बरं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वेळची रक्कम ठाम लिहा. सूट किंवा वाढ द्यायची तर कारणं दोन-तीनच असावीत आणि ती पावतीवर खूण करून नोंदवलेली असावीत. ‘दुसऱ्या वेळी’ म्हणजे किती दिवसांत, हेही लिहा: पहिल्या पावतीपासून बारा महिने ही मुदत सोयीची. मात्र असा पायरीपायरीने वाढणारा दंड तिथेच ठेवा जिथे ओळख पटते: दुकानाचा परवाना क्रमांक, सोसायटीचा मालमत्ता कर खाते क्रमांक, गाडीचा नंबर. रस्त्यावर थुंकणारा मागे कधी सापडला होता का, हे समजायचा भरवशाचा मार्ग नसतो. तिथे एकच दर ठेवा.

कोष्टक तयार झालं की ते तपासून घ्या, आणि ही पायरी गाळू नका. परिसरातले दहा फोटो काढा, वेगवेगळ्या बीटच्या पाच मुकादमांना किंवा निरीक्षकांना स्वतंत्रपणे रक्कम लिहायला सांगा. ज्या फोटोवर पाच आकडे जुळत नाहीत, तिथे माणसांना दोष देऊ नका, त्या कलमाचे शब्द बदला. ‘सार्वजनिक जागा अस्वच्छ करणे’ यापेक्षा ‘दुकानासमोर तीन मीटरच्या आत पडलेला कचरा’ असं लिहिलं की वाद मिटतो.

वसुली कोणाकडे आहे तेही पाहा. रस्त्यावर दंड वसूल करणारे क्लीनअप मार्शल पुरवणाऱ्या एजन्सीला दंडातला निम्मा वाटा देण्याची पद्धत मुंबईत होती; पालिकेने ही योजना एप्रिल 2025 मध्ये बंद केली. अशा करारात स्टेशनबाहेरचा पादचारी हेरणं फायद्याचं आणि रात्री दोनचा राडारोड्याचा टेम्पो अडवणं तोट्याचं. पुन्हा असा करार झाला तर मोबदला पाळीमागे ठरवावा, अशी सूचना तुमच्या पत्रात नक्की घाला.

प्रश्न : दंड घेणाऱ्याने पावतीशिवाय पैसे मागितले तर?
– वाचक, दादर

उत्तर : देऊ नका. ओळखपत्र पाहा, उपविधीचं कलम आणि छापील रक्कम असलेली पावती मागा. जागेवर भरलेली रक्कम ही कायद्यातली तडजोड असते, म्हणजे पैसे भरून प्रकरण तिथेच मिटवणं. ती नाकारून न्यायालयात बाजू मांडायचा हक्क तुम्हाला आहे, मात्र तिथे दोष ठरला तर निकाल मानावा लागतो. तुमचा फोन किंवा पाकीट काढून घ्यायचा अधिकार त्याला नाही. तक्रार करताना वेळ, जागा आणि बिल्ला क्रमांक लिहा.

प्रश्न : थुंकण्यासाठी 2006 साली ठरलेले 200 रुपये आज फारच कमी वाटतात. एकदम हजार करावेत का?
– निवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड

उत्तर : एकदम पाचपट केलं की वसुलीच थंडावते, कारण वर भाजीवालीच्या बाबतीत सांगितलेलं सगळं इथेही लागू होतं. केंद्राच्या 2023 च्या जनविश्वास कायद्यात दर तीन वर्षांनी दंडात 10 टक्के वाढ आपोआप व्हावी अशी तरतूद आहे. तोच नियम 2006 पासून लावला असता, तर 2024 पर्यंत सहा वाढी होऊन 200 चे 354 झाले असते. पन्नासच्या पटीत बसवायचे तर 350. पालिकेने 2025 मध्ये नव्या उपविधींचा मसुदा काढून हरकती-सूचना मागवल्या होत्या. यापुढे असा मसुदा आला की रकमेबरोबर वाढीचं हे सूत्रही कलमातच लिहा असं कळवा, आणि वाढीची तारीख 1 एप्रिल मागा, म्हणजे पावती पुस्तकं व मशीनमधले दर सगळ्या वॉर्डांत एकाच दिवशी बदलतील.