तुमचा डीएम बरोबर आहे, पण अर्धाच

प्रश्न थोडक्यात असा: डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा भूमिका-खेळ) चौथी आवृत्ती, ११ व्या लेव्हलचा स्वोर्डमेज (तलवार आणि जादू दोन्ही वापरणारं पात्र), इंटेलिजन्स २०, हातात +३ फ्रॉस्ट लाँगसोर्ड (थंडीची जादू असलेली तलवार). वेपन फोकस आणि बर्निंग ब्लिझर्ड या दोन फीटचे (पात्रासाठी निवडलेल्या खास कौशल्यांचे) डॅमेजला, म्हणजे घावाने होणाऱ्या नुकसानाला, मिळणारे २ आणि २, दोन्ही धरून तुम्ही बेरीज केलीत. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) एकच धरला. वर ग्रीनफ्लेम ब्लेड या पॉवरने (पात्राच्या ठरावीक हल्ल्याने) एका ट्रोलला, म्हणजे राक्षसाला, मारलंत तेव्हा त्याच्या शेजारच्या ट्रोलला नुसतं २ डॅमेज दिलं, म्हणून तुम्ही वैतागलात.

पहिल्या भांडणात डीएम बरोबर. दोन्ही फीट 'फीट बोनस' देतात, आणि एकाच जातीचे दोन बोनस एकाच रोलवर (फासा टाकण्यावर) आले की मोठा असेल तेवढाच मोजायचा. दोन्ही सारखे असले तरी एकच. म्हणजे १डी८ (आठ बाजूंचा एक फासा), इंटेलिजन्स २० चा मॉडिफायर (गुणावरून मिळणारी भर) ५, तलवारीचे ३, फीटचे २. झाले १डी८+१०. तलवारीचे ३ वेगळे मिळतात, कारण त्यांची जात एन्हान्समेंट. आणखी हवं असेल तर तिसऱ्या जातीचं काहीतरी शोधा. आयर्न आर्मबँड्स ऑफ पॉवर ६ व्या लेव्हलपासून मिळतात आणि मेलीच्या (जवळून केलेल्या हल्ल्याच्या) डॅमेज रोलला +२ आयटम बोनस देतात. आमच्या टेबलावर दंडात ते नसलेला लढवय्या मी क्वचितच पाहिलाय.

दुसरं भांडण जास्त मजेचं आहे. ग्रीनफ्लेम ब्लेडला मुळात फायर कीवर्ड (पॉवरचा प्रकार सांगणारा शब्द) आहे. तुम्ही तलवारीचं फ्रॉस्ट चालू केलंत की तिचं सगळं डॅमेज कोल्ड होतं. आणि २०१० च्या रूल्स कंपेंडियम या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे डॅमेजचा प्रकार बदलला की पॉवरचा कीवर्डही बदलतो: फायर गेला, कोल्ड आला. आता कोण कशाकडे बघतंय ते तपासा. विंटरटच्ड ही फीट (कोल्डने जास्त दुखावणाऱ्या शत्रूवर हल्ला सोपा करणारी) पॉवरच्या कीवर्डकडे बघते. वेपन फोकस डॅमेज रोलकडे बघते. व्हल्नरेबिलिटीला (ठरावीक प्रकारच्या डॅमेजने जास्त नुकसान होण्याला) या दोन्हींशी देणंघेणं नाही. अंगावर येणारं डॅमेज कोल्ड आहे का, एवढंच ती विचारते.

शेजारच्याला बसणारं डॅमेज म्हणजे तुमचा स्ट्रेंग्थ मॉडिफायर, सरळ २. तिथे रोलच नाही, त्यामुळे तलवारीचे ३ नाहीत, फीटचे २ नाहीत, आर्मबँड्सही नाहीत. इथवर डीएमचं गणित चोख. पण तुम्हीच लिहिलंय की त्या शेजारच्या ट्रोलला मागच्या टर्नमध्ये तुम्ही याच तलवारीने मारलं होतं. लास्टिंग फ्रॉस्ट या तुमच्या फीटमुळे तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत तो व्हल्नरेबल ५ कोल्ड होता, म्हणजे कोल्ड डॅमेज बसलं की ५ जास्त. तेव्हा २ चे ७ व्हायला हवे होते. एवढंच कशाला, तुमच्या पार्टीतल्या विझर्डने (जादूगाराने) त्याला रे ऑफ फ्रॉस्ट ही कोल्डची पॉवर मारली असती तरी ते ५ मिळाले असते. व्हल्नरेबिलिटी ट्रोलच्या अंगावर असते, तुमच्या खात्यावर नाही. मात्र पार्टीत दोघांनी लास्टिंग फ्रॉस्ट घेतली म्हणून १० होत नाहीत.

शेजारच्याला बसलेलं डॅमेज तलवारीचं धरायचं की नाही, यावर मात्र मतं वेगळी आहेत. मी धरतो, कारण पॉवरला वेपन कीवर्ड आहे. तुमचा डीएम धरत नसेल तर ते फायरच राहतं, मग २ बरोबर. पण तसं असेल तर पॉवरचा फायर कीवर्डही शिल्लक राहतो, कारण ती अजून थोडं फायर डॅमेज देतेच आहे. त्याने एक काय ते ठरवावं, आणि लढाई सुरू व्हायच्या आधी.

दोनपैकी कुठली फीट काढू, असंही विचारलंय. बर्निंग ब्लिझर्ड काढा. ती फक्त ॲसिड आणि कोल्डच्या पॉवरला चालते, वेपन फोकस हेवी ब्लेडच्या प्रत्येक घावाला. आणि तुमच्यासमोर तर ट्रोल होते! फायर किंवा ॲसिड लागल्याशिवाय त्यांचं रीजनरेशन (आपोआप जखमा भरणं) थांबत नाही. तुम्ही हातातली आग विझवून त्यांना थंडी देत बसलात. फ्रॉस्ट बंद करायला एक फ्री ॲक्शन (टर्नमधली फुकटची कृती) लागते. शेवटच्या घावाआधी ती वापरा, नाहीतर पाडलेला ट्रोल पुढच्या टर्नला पुन्हा उभा.