चाळ पाडली, आता कार्डाच्या फॉर्मवर पत्ता कुठला लिहू?

प्रश्न : नमस्कार ताई, आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, बिल्डर भाडं देतो त्यात सध्या भांडुपला राहतोय. आधारवर अजून लालबागच आहे. स्टेशनबाहेर टेबल टाकून क्रेडिट कार्डवाला मुलगा बसतो, तो बोलला जुनाच पत्ता टाका आणि नंबर माझा देतो, बँकेचे फोन, ओटीपी सगळं मी बघतो, तुम्हाला ड्युटीवर त्रास नको. करू का असं?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : पत्त्याचं नंतर बघू, आधी तो नंबर. अजिबात देऊ नका! कार्ड तुमच्या नावाचं आणि नंबर त्याचा, म्हणजे ओटीपी त्याला, खर्चाचा मेसेज त्याला, बिलाची आठवण त्याला आणि पैसे भरायचे मात्र तुम्ही. मुलगा चांगला असेलही हो, पण उद्या त्याने काम सोडलं, सिम बंद केलं तर तोच नंबर काही महिन्यांनी भलत्याच माणसाला मिळतो, मग काय कराल?

शिवाय रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये नियम केला तो माहीत असू द्या. बँकेची चूक नाही, तुमचीही नाही, तिसऱ्याच कुणी तुमच्या कार्डावरून पैसे उडवले, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवलं की तुमच्यावर काहीच येत नाही, 4 ते 7 दिवसांत कळवलं तर ठराविक रकमेपर्यंतच येतं. आता मेसेज जर दुसऱ्याच्याच फोनवर गेला तर तुम्ही कळवणार कधी? आणि ओटीपी आपणच दुसऱ्याच्या हातात दिला म्हटल्यावर बँक सरळ तुमचीच चूक धरणार. म्हणून इतकं जीव तोडून सांगतेय.

आता पत्ता. फॉर्मवर सहसा दोन रकाने असतात, कायमचा आणि सध्याचा. कायमच्यात आधारवरचा लालबागचा लिहा, सध्याच्यात भांडुपचा. पाडलेल्या चाळीत कुरिअरवाला कुणाला शोधणार, आणि व्हेरिफिकेशनला माणूस आला तर तिथे पत्रे लावलेले दिसतील, अर्ज तिथेच अडकेल. भांडुपचा पुरावा मागितला तर लाईट बिल चालतं पण ते 2 महिन्यांच्या आतलं लागतं, आणि भाड्याच्या खोलीचं बिल तर मालकाच्याच नावावर असतं, तेव्हा रजिस्टर केलेलं भाड्याचं अॅग्रीमेंट बँकेला चालतं का ते आधी विचारा. माझं मत विचाराल तर त्याच अॅग्रीमेंटवर आधी आधारचा पत्ता बदलून घ्या, कार्ड थोडं उशिरा आलं तरी चालेल. इमारत उभी राहायला किती वर्षं लागतील कोण सांगणार, तोवर प्रत्येक कागदाला हीच अडचण.

लिहिताना विंग, मजला, खोली नंबर, जवळची खूण सगळं लिहा, आणि भांडुप पूर्व की पश्चिम हे नक्की लिहा, कारण पूर्वेचा पिनकोड 400042 आणि पश्चिमेचा 400078, तिथे गडबड झाली की पाकीट रुळांच्या पलीकडे फिरत बसतं. खाली पाटीवर मालकाचं नाव असणार, म्हणून वॉचमनला तुमचं नाव सांगून ठेवा.

आणि फॉर्म आधीच त्या मुलाकडे दिला असेल तर आजच बँकेच्या कस्टमर केअरला फोन करून नंबर कुठला नोंदवलाय ते विचारा, कस्टमर केअरचा नंबर मात्र बँकेच्या वेबसाइटवरून घ्या, त्या मुलाने दिलेला नको.

प्रश्न : कार्डाला ऑफिसचा ईमेल दिलाय, पुढच्या महिन्यात नोकरी सोडतेय. चालेल ना?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही चालणार, शेवटच्या दिवसाच्या आधी स्वतःचा ईमेल टाका. नोकरी सुटली की तो ईमेल बंद होतो आणि स्टेटमेंट तिकडेच जात राहतं. बिल मिळालंच नाही म्हणून तारीख काही पुढे जात नाही, ड्यू डेट उलटून 3 दिवसांपेक्षा जास्त झाले की लेट फी लागू शकते आणि थकबाकी सिबिलला, म्हणजे कर्ज-कार्डाच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळवली जाते. बिलाचा पत्ता ऑफिसचा असेल तर तोही त्याच वेळी बदला. बदल झाल्याचा मेसेज आला की मगच झालं समजा, आणि पुढचं स्टेटमेंट नव्या ईमेलवर आलं का तेवढं बघा.