विहिरीत 5 आणे 4 पै हिस्सा, पण भाऊ दोनच. तिसरा वाटेकरी कोण?

तुम्ही विचारलंय की पणजोबांच्या 1938 च्या खरेदीखतात शेतासोबत 'विहिरीतील 5 आणे 4 पै हिस्सा' विकल्याचं लिहिलंय, घरात मात्र सगळे सांगतात की ते दोघेच भाऊ. मग तिसरा भाऊ गेला कुठं?

तिसऱ्या भावाला शोधायला लगेच निघू नका. मी निघाले होते, दोन उन्हाळे वाया गेले.

माझ्या माहेरची शेती दक्षिण सोलापूर तालुक्यात. आमच्या कागदातही हाच आकडा होता. 16 आण्यांचा रुपया, 12 पैचा आणा, म्हणजे 192 पै. त्याचा तिसरा भाग 64 पै, म्हणजेच 5 आणे 4 पै. तीन वाटे म्हणजे तीन भाऊ, असं मी धरूनच चालले. हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवणारा, आला तेव्हा त्याच्याकडून पिढ्या वाचून घेतल्या, त्यातही भाऊ दोनच निघाले. चुलते म्हणाले, "एखादा सोलापूरला गिरणीत गेला असंल, तिकडंच राहिला असंल." झालं, मी त्या न जन्मलेल्या चुलत पणजोबांचा माग काढत बसले.

चूक माझ्या हिशेबात नव्हती, समजुतीत होती. आणे-पै वाटे मोजतात, भाऊ नाही. जुन्या हिंदू कायद्यात आपल्या भागात तीन वाटे पडायच्या किमान तीन तऱ्हा होत्या. एक, खरंच तीन भाऊ. दुसरी, बाप हयात असतानाच वाटणी झाली, म्हणजे बाप आणि दोन मुलगे. तिसरी तऱ्हा आपण सगळेच विसरतो: बाप वारल्यावर दोघा भावांनी वाटणी केली, तर विधवा आईलाही मुलाइतकाच वाटा मिळायचा. हेळव्याच्या वहीत बायकांना जागा कमीच, त्यामुळे ती तिथं सापडत नाही.

म्हणून आधी खापरपणजोबा कधी वारले ते काढा. आजच्या सातबाऱ्यावरून सुरुवात करून हातानं लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांपर्यंत मागं जा. त्यावर वर्तुळात फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक असतात, त्या प्रत्येकाची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागा. वारसाच्या फेरफारात कोण मयत आणि मागं कोण कोण, हे मिळतं. 'इतर हक्क' हा रकाना मात्र सोडू नका. विधवा आणि बहिणींची नावं पूर्वी सर्रास तिथं टाकून दिलेली असत. नावापुढे ए.कु.मॅ. दिसलं, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. बाकीचे भाऊ त्याच्या नावाआड असतात.

बाईचं नाव सापडलं की नावापुढचा शब्द बघा. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्र.' म्हणजे अमक्याची बायको. इथं मोठा घोळ होतो, कारण आपल्याकडं नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. 'कोम' पुढचं नाव आजोबांचं की नातवाचं, हे नुसत्या नावावरून कळत नाही, तारीखच लावावी लागते. दत्तक गेलेल्या माणसाचं तर दोन कागदांत दोन बाप दिसतात. ते लेखनिकाची चूक म्हणून खोडू नका.

मृत्युपत्र असेल तर त्यावर एकट्यावर विसंबू नका. कुणाला द्यायचं ते त्यात असतं, नात्यातले सगळे असतीलच असं नाही. ज्या लेकीला लग्नात दिलं, तिचं नाव गाळलेलं असू शकतं. पण 'तहहयात उपभोग घ्यावा, विक्री-गहाणाचा अधिकार नाही' असं वाक्य दिसलं, तर ती बहुधा घरातली विधवा असते. आई की भावजय, ते पुन्हा 'कोम' सांगेल.

तुमची काही जमीन तुळजापूरकडं असेल तर 1948 पर्यंतचा तो निजामाचा मुलूख. कागद उर्दूत, साल फसली, म्हणजे निजामाच्या कारभारातलं. फसलीत साधारण 590 मिळवायचे, 1357 म्हणजे 1947-48. इकडचे जुने कागद मोडी लिपीत, म्हणजे वाचणारा माणूसही वेगळा लागतो.

आमचा गुंता एका निवृत्त गुरुजींनी सोडवला. मी आधी त्यांच्याकडून फक्त हिश्श्याची ओळ वाचून घेतली होती, बाकीचं काय की रटाळ वाटलं. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "सगळं वाचू द्या की मला." चतुःसीमेत, म्हणजे शेताच्या चारी बाजूंना कुणाची जमीन ते जिथं लिहितात तिथं, उत्तरेच्या बाजूला लिहिलं होतं: 'मातोश्रींचे वाटणीचे शेत'. त्याच कागदाचा फोटो दोन वर्षं माझ्या मोबाईलमध्ये पडून होता.

तुमच्या दस्तातली चतुःसीमाही आधी वाचून घ्या. वाटणीच्या शेताला बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेकऱ्याचाच बांध लागलेला असतो. तिथं काय निघतं ते इथं कळवा.