आर्मिनियस वेळीच पकडला गेला असता तर चेरुस्कींचे काय झाले असते?

तुमच्या कथेचा आराखडा असा आहे : इ.स. ९ मध्ये रोमन सुभेदार व्हारुस चेरुस्की सरदार सेगेस्टिसचे म्हणणे ऐकतो, उठावाचा चेरुस्की म्होरक्या आर्मिनियसला बेड्या पडतात, तिन्ही लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) ऱ्हाईनकाठी सुखरूप परततात आणि दोनशे वर्षांनी वेझर नदीच्या काठची चेरुस्की ही जर्मन टोळी लॅटिन बोलत संगमरवरी स्नानगृहांत वावरू लागते. (प्रत्यक्षात आर्मिनियसने टॉयटोबुर्गच्या जंगलात घात करून ही तिन्ही लीजन संपवली.) यातला पूर्वार्ध मला पटतो, उत्तरार्ध पटत नाही. शिवाय नायकाचे नाव काय ठेवावे, असेही तुम्ही विचारले आहे. त्याकडे शेवटी येतो.

पूर्वार्ध पटतो, कारण तो प्रसंग अगदी थोडक्यात हुकला होता. रोमन इतिहासकार टॅसिटसने दिलेल्या हकिकतीनुसार, उठावाच्या आधीच्या शेवटच्या मेजवानीत सेगेस्टिसने व्हारुसला सांगितले की मला, आर्मिनियसला आणि इतर सरदारांना, सगळ्यांनाच आत्ता कैद करा. म्होरके हाती नसले की लोक काही करू धजणार नाहीत आणि दोषी कोण, निर्दोष कोण हे नंतर सावकाश ठरवता येईल. स्वतःलाही पकडा म्हणणारा हा माणूस कथेत जरूर ठेवा. त्याचे घर आतून फुटलेले होते : मुलगी थुस्नेल्डा आर्मिनियसची बायको झाली, आणि मुलगा सेगिमुंडस आजच्या कोलोनच्या जागी असलेल्या रोमन वेदीवर पुजारी असताना, उठावाच्या वर्षी डोक्यावरची पवित्र पट्टी फाडून बंडखोरांना जाऊन मिळाला.

अडचण यापुढची आहे. आर्मिनियसला पकडल्याने एक माणूस कमी होतो, त्याच्या मागे लोक का गेले ते कारण तसेच राहते. नंतरचा रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो की व्हारुस जर्मनांना गुलामांना द्यावेत तसे हुकूम देत असे आणि जिंकलेल्या प्रजेकडून घ्यावा तसा पैसा त्यांच्याकडून वसूल करत असे. व्हारुस त्याआधी सीरियाचा सुभेदार होता. तिथे शहरे होती, बाजार होते, नाणी होती आणि करवसुलीची घडी शतकानुशतकांची होती. वेझरकाठच्या शेतकऱ्याकडे गुरे होती, थोडे धान्य होते, रोकड मात्र नावालाच होती. अशा मुलखात कर म्हणजे काय होते, हे उत्तर समुद्राकाठच्या फ्रिसी टोळीच्या उदाहरणावरून कळते. रोमन सेनापती ड्रुससने त्यांच्यावर बैलांच्या कातड्यांचा कर बसवला होता आणि कातडे केवढे, किती जाड, याची चौकशी बरीच वर्षे कोणी केली नाही. मग ओलेनियस नावाचा एक जुना लष्करी अधिकारी त्यांच्यावर नेमला गेला आणि त्याने रानबैलाचे कातडे हेच माप ठरवले. फ्रिसींची घरची गुरे लहान चणीची, माप भरेना. आधी गुरे गेली, मग जमिनी गेल्या, शेवटी बायकामुले गुलामीत गेली आणि इ.स. २८ मध्ये वसुलीला आलेल्या सैनिकांना लोकांनी फासावर लटकावले. इथे आर्मिनियस नव्हता, फक्त एका कातड्याचे माप बदलले होते.

म्हणून तुमच्या कथेतला खरा बदल मेजवानीच्या रात्री न ठेवता कराच्या पद्धतीत ठेवावा, असे माझे मत आहे. त्याचा नमुनाही इतिहासात तयार आहे. ऱ्हाईनच्या मुखाजवळचे बटावी रोमला कर देत नसत, माणसे देत असत. टॅसिटस त्यांची तुलना शस्त्रांशी करतो : केवळ युद्धासाठी राखून ठेवलेली. त्यांच्या पथकांवर त्यांचेच सरदार असत. चेरुस्कींच्या बाबतीत हे सहज शक्य होते, कारण सुरुवात झालेलीच होती. आर्मिनियस स्वतः रोमन नागरिक होता, त्याला अश्वारोही वर्गाचा (सिनेटरांच्या खालोखालच्या रोमन उच्चवर्गाचा) दर्जा होता आणि त्याने रोमच्या बाजूने लढाया केल्या होत्या. त्याचा भाऊ फ्लाव्हुस तर उठावानंतरही रोमच्याच चाकरीत राहिला. इ.स. १६ मध्ये वेझरच्या दोन काठांवर उभे राहून हे दोघे बोलले. फ्लाव्हुसचा एक डोळा गेलेला होता. त्याबद्दल काय मिळाले, असे आर्मिनियसने विचारल्यावर त्याने वाढीव पगार, गळ्यातला सन्मानाचा कडा, मुकुट असे सगळे मोजून दाखवले आणि गुलामीची किंमत फारच स्वस्त आहे म्हणून आर्मिनियस हसला. तुमच्या पर्यायी इतिहासात टोळीची सत्ता फ्लाव्हुसच्या घराण्याकडे जाईल. प्रत्यक्षातही हे अर्धेमुर्धे घडलेच : इ.स. ४७ मध्ये भाऊबंदकीत सरदार घराणी संपल्यावर चेरुस्कींनी रोमकडून राजा मागून घेतला आणि सम्राट क्लॉडियसने रोममध्ये जन्मलेल्या फ्लाव्हुसच्या मुलाला, इटालिकसला, पाठवले.

शहरांबद्दलची तुमची कल्पना निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. लाह्न नदीच्या खोऱ्यात वाल्डगिर्मेस येथे दगडी पाया असलेला चौक आणि सोन्याचा मुलामा दिलेला ब्राँझचा अश्वारूढ पुतळा असलेली रोमन वसाहत उत्खननात सापडली. त्या पुतळ्यातल्या घोड्याचे डोके २००९ मध्ये एका विहिरीच्या तळाशी, जात्याच्या दगडांखाली मिळाले. ती निव्वळ छावणी नव्हती, नागरी वस्ती होती. 'जर्मन शिसे' असा शिक्का असलेल्या शिशाच्या विटाही मिळाल्या आहेत. पण वाल्डगिर्मेसपासून चेरुस्कींचा मुलूख बराच दूर होता आणि तिथे रसद पोहोचवणे हे रोमचे कायमचे दुखणे होते. लिपे नदी ऱ्हाईनला मिळते, त्यामुळे तिच्या काठाने हाल्टर्नसारखे तळ उभारता आले. त्यापुढे वेझर आणि एल्ब उत्तरेकडे समुद्राला जातात, म्हणजे रोमन फौज चालणार पूर्वेला आणि नद्या वाहणार उत्तरेला. रोमन सेनापती जर्मेनिकसने समुद्रमार्गे जाऊन हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला, तर इ.स. १६ मध्ये परतताना वादळाने त्याच्या आरमाराची वाताहत केली. गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) सीझरला टेकड्यांवरची तटबंदीची गावे आयती मिळाली, ती घेतली की आसपासचा मुलूख हाती येई. वेझरकाठी घेण्यासारखे तसे काही नव्हते, विखुरलेल्या वाड्यावस्त्या तेवढ्या होत्या. तेव्हा स्नानगृह दाखवायचेच असेल तर छावणीच्या दाराशी दाखवा, लाकडी भिंतींचे आणि आत बहुतेक शिपाईच असलेले, संगमरवर वगळा.

दोनशे वर्षे शांततेत जातील, हेही मला शक्य वाटत नाही. बटावींनाही करमाफी होती, तरी इ.स. ६९ मध्ये ते युलियस किव्हिलिसच्या नेतृत्वाखाली उठले. भरतीवरचे अधिकारी म्हाताऱ्यांना आणि अपंगांना मुद्दाम पकडत आणि पैसे घेऊन सोडत, ही त्यामागची एक ठिणगी होती. त्या वर्षी रोममध्ये एकामागून एक चार सम्राट झाले. अशा गोंधळात चेरुस्की गप्प बसले असते, असे मानायला आधार नाही. कथेचा मध्यबिंदू मी तिथेच ठेवीन, कारण तीन पिढ्या रोमची चाकरी केलेली, रोमन शिस्तीत तयार झालेली चेरुस्की पथके उलटणे हे टॉयटोबुर्गच्या जंगलातल्या घातपातापेक्षा रोमला जड गेले असते.

भाषेबाबत कोलोनकडे पाहावे. उबी टोळीला रोमने ऱ्हाईनच्या पश्चिम काठावर वसवले, इ.स. ५० मध्ये त्यांच्या गावाला वसाहतीचा दर्जा मिळाला, पुढे ते लोक स्वतःला अभिमानाने आग्रिपिनेन्सेस म्हणवू लागले. चार शतकांहून अधिक काळ ते शहर रोमन होते, तरी आज तिथे जर्मनच बोलली जाते. ऱ्हाईनपलीकडचा दक्षिणेतला मुलूख रोमने तिसऱ्या शतकात सोडला, दाशियाही (आजचा रुमानिया) त्याच शतकात सोडली. वेझरचा सुभा त्यांच्या आधीच सुटला असता. मागे काही लॅटिन शब्द राहिले असते, एखादा रस्ता, द्राक्षांचा अयशस्वी प्रयोग, इतकेच.

आता नायकाचे नाव. टोळीतले सरदार नागरिकत्व देणाऱ्या सम्राटाचे कुलनाम घेत, म्हणून सम्राट ऑगस्टसच्या युलियस घराण्याकडून नागरिकत्व मिळालेले सगळे युलियस झाले. उपनाम मात्र मोठे मजेशीर असते. ब्रिटनमधल्या विंडोलांडा तळावर इ.स. १०० च्या सुमारास बटावी पथकाचा प्रमुख होता फ्लावियस केरियालिस. त्याच्या घरची पत्रे लाकडाच्या पातळ फळ्यांवर लिहिलेली सापडली आहेत. बटावींचा उठाव मोडून काढणाऱ्या सेनापतीचे नाव होते पेटिलियस केरियालिस. आपल्याच लोकांना हरवणाऱ्याचे नाव घरात मुलाला ठेवले गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तुमच्या कथेत व्हारुस जिवंत आणि यशस्वी आहे, तेव्हा फ्लाव्हुसच्या पणतूचे नाव युलियस व्हारुस ठेवायला माझी काहीच हरकत नाही.